"डीप ब्लूने बुद्धिबळ संपवलं" हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला एकटीलाच चार-पाच जणांनी पाठवलाय. थोडक्यात तो असा, की १९९७ साली डीप ब्लू नावाच्या एआयने जगज्जेत्या कास्पारोव्हला एकतर्फी हरवलं, ते मशीन त्याआधी कधी हरलंच नव्हतं, खेळ ते स्वतःचा स्वतः शिकलं होतं, त्या दिवसापासून माणूस मशीनपुढे टिकलेला नाही, आणि आताचे चॅम्पियन म्हणजे कॉम्प्युटरच्या चाली घोकून येणारे पोपट, सबब बुद्धिबळ संपलं. मी काही ग्रँडमास्टर नाही, पण लहान मुलांना बुद्धिबळ शिकवते, आणि त्यातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने हे वाचून "मग आपण कशाला खेळायचं?" असं विचारलं तेव्हा मला राहवलं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"मशीन त्याआधी कधीच हरलं नव्हतं"

साफ खोटं. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियाला हाच कास्पारोव्ह आणि हाच डीप ब्लू सहा डाव खेळले होते, पहिला डाव मशीनने जिंकला आणि सगळीकडे एकच गहजब झाला, पण नंतर कास्पारोव्हने तीन डाव जिंकून मॅच ४-२ अशी खिशात घातली. त्याच टीमचं आधीचं मशीन डीप थॉट, त्याला तर त्याने १९८९ मध्ये दोन्ही डावांत हरवलं होतं.

"१९९७ ला एकतर्फी हरवलं"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण ज्यांनी ते डाव एकदा तरी पटावर लावून बघितलेत ते असं म्हणूच शकत नाहीत. न्यूयॉर्क, ३ ते ११ मे, सहा डाव. पहिला कास्पारोव्हने जिंकला. दुसरा मशीनने. तिसरा, चौथा, पाचवा बरोबरीत. म्हणजे शेवटच्या डावाला बसताना स्कोअर अडीच-अडीच होता, आणि निकाल लागला साडेतीन-अडीच, यात एकतर्फी काय आहे?

त्यातला दुसरा डाव बघा. कास्पारोव्ह काळ्याने खेळत होता, पार दबून गेला होता आणि ४५ व्या चालीला त्याने डाव सोडून दिला. नंतर लोकांनी ती पोझिशन तपासली तर शहावर शह देत बरोबरीकडे जायची वाट त्यात दिसत होती, निदान लढायला जागा नक्की होती. मशीन चुकणारच नाही असं त्याच्या मनाने घेतलं आणि जगातल्या सगळ्यात झुंजार खेळाडूने पटावर जागा असताना हात वर केले. आणि शेवटच्या डावात, कॅरो-कान नावाच्या सुरुवातीमध्ये, त्याने सातव्या चालीला कडेचं प्यादं एक घर पुढे केलं (एच६), मशीनने लगेच ई६ वर घोड्याचा बळी दिला आणि १९ चालींत खेळ खल्लास. लोक म्हणतात बघा मशीनची प्रतिभा! अहो, ती घोड्याची चाल मशीनने पटावर शोधलेली नव्हती, त्याच्या ओपनिंग बुकमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या तयार चालींच्या साठ्यात, माणसांनी ती आधीच भरून ठेवली होती.

"ते स्वतः शिकलेलं एआय होतं"

नाही हो. डीप ब्लू म्हणजे बुद्धिबळासाठी खास बनवलेल्या ४८० चिप्स, सेकंदाला साधारण २० कोटी पोझिशन तपासायची ताकद, आणि कुठली पोझिशन चांगली कुठली वाईट हे ठरवणारे सुमारे ८,००० घटक, ज्यांचं वजन बहुतेक करून माणसांनी बसवलेलं. फेंग-श्युंग श्यू, मरे कॅम्पबेल, जो होन हे इंजिनिअर आणि जोएल बेंजामिनसारखे ग्रँडमास्टर वर्षानुवर्षं त्याच्यामागे होते, दोन डावांच्या मध्ये प्रोग्रॅममध्ये बदल करायची सुद्धा त्यांना नियमाने मुभा होती. माझ्या लेखी ती माणसांच्या एका टीमने एका माणसाविरुद्ध जिंकलेली मॅच आहे, आणि त्या टीमचं श्रेय मशीनच्या नावावर खपवणं हा त्या लोकांवरही अन्याय आहे.

नुसते नियम सांगितल्यावर स्वतःशीच खेळून शिकलेला प्रोग्रॅम म्हणजे अल्फाझिरो, तो २०१७ चा, वीस वर्षांनंतरचा. त्याने स्टॉकफिश या तगड्या बुद्धिबळ प्रोग्रॅमविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत, हार एकही नाही. दोन वेगळ्या गोष्टी मेसेजवाल्याने एकत्र कालवल्यात.

"त्या दिवसापासून माणूस टिकलाच नाही"

टिकला, चांगली पाच-सहा वर्षं टिकला. २००२ मध्ये बहारीनला जगज्जेता क्रामनिक आणि डीप फ्रिट्झ हा प्रोग्रॅम ४-४. २००३ मध्ये कास्पारोव्ह आणि डीप ज्युनिअर हा प्रोग्रॅम ३-३, त्याच वर्षी फ्रिट्झबरोबर २-२. खरं पारडं फिरलं ते २००५-०६ मध्ये, आधी हायड्रा या मशीनने ग्रँडमास्टर मायकल अ‍ॅडम्सचा साडेपाच-अर्धा असा धुव्वा उडवला आणि मग बॉनला क्रामनिक डीप फ्रिट्झकडून ४-२ हरला, तेही दुसऱ्या डावात एका चालीतली मात न दिसल्यामुळे! जगज्जेता शांतपणे वजीर ई३ वर ठेवतो आणि समोरून वजीर एच७, मात. त्या वेळी मशीन सेकंदाला साधारण ८० लाख पोझिशन बघत होतं, डीप ब्लूच्या मानाने किती कमी बघा, म्हणजे नुसत्या ताकदीपेक्षा प्रोग्रॅम किती हुशार झाले होते ते कळतं.

आणि आज कुठलाही माणूस चांगल्या इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला, हरवू शकत नाही, हे मी बिनशर्त मान्य करते. २००९ लाच मोबाइलवरच्या पॉकेट फ्रिट्झने ब्युनोस आयर्सच्या एका स्पर्धेत दहापैकी साडेनऊ गुण काढले होते, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थच नाही.

"चॅम्पियन नुसत्या चाली पाठ करतात"

ओपनिंग पाठ करतात, खूप करतात, कॉम्प्युटर लावूनच करतात, आणि अल्फाझिरोचे डाव बघून कडेचं प्यादं पुढे रेटायची आयडिया टॉपच्या खेळाडूंनी उचलली हेही खरंय. पण पाठ केलेलं संपतं आणि मग पुढचे चार-पाच तास माणूस पटासमोर एकटा असतो, मोबाइल नाही, इंजिन नाही, कोणाला विचारायची सोय नाही. २०१८ ला लंडनमध्ये कार्लसन-कारुआना या जगज्जेतेपदाच्या मॅचच्या सहाव्या डावात मशीनला काळ्याची तीसेक चालींनंतरची मात दिसत होती, खेळणाऱ्या दोघांनाही ती दिसली नाही आणि डाव बरोबरीत सुटला. घोकून खेळ होत असता तर असं झालं असतं का?

त्या मुलाला मी शेवटी उत्तर दिलं ते पटावरच. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाची मॅच, गुकेश (काळा) विरुद्ध डिंग लिरेन (पांढरा), चौदावा डाव, स्कोअर साडेसहा-साडेसहा. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशकडे दोन प्यादी, डिंगकडे एक. इंजिन म्हणतंय बरोबरी, बघणारे सगळे म्हणतायत बरोबरी, आणि गुकेश तासन्‌तास ढकलतोय, कारण समोर माणूस बसलाय आणि माणूस दमतो. ही पोझिशन लावून मी त्याला म्हटलं, तू डिंग आहेस, खेळ. त्याने जरा विचार केला आणि हत्ती एफ२ वर ठेवला, हत्तीला हत्ती मारून टाकू, सोपं होईल म्हणाला. डिंगनेही ५५ व्या चालीला नेमकं हेच केलं होतं. मग मी हत्तीने हत्ती मारला, त्याने राजाने परत मारला, आणि मी उंट डी५ वर आणला. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, मारामारी टाळायला एकही घर नाही, आणि उंट गेले की राहतात राजे आणि दोनास एक प्यादं, म्हणजे हार.

तो बराच वेळ पटाकडे बघत राहिला, मग मोहरे परत पहिल्या जागी लावले आणि म्हणाला, आता मी काळा घेतो.