आधी पंच बोलवा, मग दार तोडा

'सीआयडी' मालिकेत पुन्हा तेच. शेवटची सात मिनिटं उरली की सगळे संशयित एका दिवाणखान्यात गोळा करायचे. साहेबांनी फेऱ्या मारत एकेकाचं बिंग फोडायचं, खुन्याच्या कानाखाली एक सणसणीत बसायची, तो रडत रडत 'हो, मीच मारलं' म्हणाला की केस मिटली. दुसऱ्या दिवशी चर्चा कसली, तर दयाने दार कसं तोडलं आणि खुनी आधीच कोणी ओळखला होता.

केस मिटली कुठे? पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरताच येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आलं. दीडशे वर्षं नियम तोच आहे. त्यात ती थप्पड कॅमेऱ्यासमोर, दहा साक्षीदारांच्या देखत मारलेली. म्हणजे जी जागा तुम्ही क्लायमॅक्स म्हणून दाखवता, त्या जागी बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

ही मालिका १९९८ मध्ये सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली, डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. शिवाजी साटम यांचा एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, प्रद्युम्न घराघरात पोचला. एप्रिल २०२५ मध्ये मालिकेत तो मारला गेला तेव्हा लोक खरोखर हळहळले, चिडले. ज्या मालिकेवर माणसं इतका जीव लावतात, तिच्या तपासात पंच, म्हणजे जप्तीला साक्षीदार म्हणून उभा राहणारा त्रयस्थ, शोधून सापडू नये, याचा राग यायला नको?

आता कोणीतरी मकोका काढेल. काढा. १९९९ च्या मकोका कायद्याच्या कलम १८ खाली पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालतो, हे खरं. पण तो कायदा संघटित गुन्हेगारीसाठी आहे, भावाने भावाला इस्टेटीसाठी मारलं त्याला नाही. शिवाय जबाब नोंदवणारा अधिकारी पोलीस अधीक्षक दर्जाच्या खालचा चालत नाही. मुंबईत तो दर्जा डीसीपीचा, म्हणजे पोलीस उपायुक्ताचा. एसीपी एक पायरी खाली. म्हणजे प्रद्युम्न साहेबांना तीही सोय नाही!

आणि कबुलीजबाबाचा जो खरा रस्ता आहे, तो या दिवाणखान्यातल्या तमाशापेक्षा दहापट थरारक आहे. आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर न्यायचं. पोलिसांना खोलीबाहेर काढलं जातं. दंडाधिकारी त्याला स्पष्ट सांगतात की, कबुली देण्याचं तुझ्यावर बंधन नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, आणि नाही दिलीस तरी तुला परत पोलिसांच्या ताब्यात देणार नाही. विचार करायला वेळ देतात, सर्वसाधारणपणे किमान चोवीस तास, आणि तेवढा वेळ तो पोलीस कोठडीत नसतो, तुरुंगात असतो. ती एक रात्र डोळ्यांसमोर आणा. पोलिसांना वाटतंय उद्या बोलेल. घरचे वकील धरून बसलेत. आरोपी एकटा भिंतीकडे बघतोय. सकाळी तो बोलेल की फिरेल, कोणालाच माहीत नाही. ही रात्र आजवर किती मालिकांनी दाखवली?

हत्याराची जप्ती बघा. मालिकेत इन्स्पेक्टर अभिजीत झुडपात हात घालतो, 'सर, सुरा मिळाला' म्हणतो, रुमालात गुंडाळतो आणि निघतो. चार चुका एका दमात. रुमालाने ठसे पुसले जातात. ओलं रक्त कापडात बांधून ठेवलं की ते कुजतं, डीएनए खराब होतो. असा सुरा सावलीत वाऱ्यावर सुकवून कागदी पाकिटात घालायचा असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही, कारण आत दमटपणा धरतो. उचलण्याआधीचा फोटो नाही, सुरा नेमका कुठे पडला होता याचं मोजमाप नाही. आणि शेजारी पंच नाहीत.

खरी जप्ती कशी होते? आरोपी कोठडीत म्हणतो, सुरा कुठे ठेवलाय ते दाखवतो. तिथेच तपासी अधिकारी थांबतो. दोन पंच बोलावतो, त्या भागातले, ज्यांचा केसशी संबंध नाही असे. त्यांच्यासमोर आरोपी जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतात. याला मेमोरँडम पंचनामा म्हणतात. त्यातलंही सगळं कोर्टात चालत नाही. १९४७ च्या पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ही रेघ ओढून दिली. 'घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो' इतकं चालतं. 'ज्या सुऱ्याने मी त्याला भोसकलं' हे शब्द गळतात. पुढे गाडी निघते. गाडीत पोलीस, आरोपी, दोन्ही पंच. कुठे वळायचं ते आरोपी सांगतो, पोलीस नाही. पोचल्यावर आरोपी पुढे, बाकी मागे. तो स्वतःच्या हाताने काढून देतो. सुऱ्याची लांबी, मूठ लाकडी की पितळी, पात्यावर डाग कुठे, सगळं जागेवरच लिहितात. पाकीट, दोरा, लाख, लाखेवर ठसा, लेबलवर पंचांच्या सह्या, पंचनामा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे या झडतीचं आणि जप्तीचं चित्रणही करायचं असतं, मोबाईलवर केलं तरी चालतं.

सुरा ठाण्यात येतो, मुद्देमाल रजिस्टरला नोंद होते, कारकुनाच्या ताब्यात जातो. मग पत्र घेऊन एक अंमलदार तो प्रयोगशाळेत नेतो आणि सील शाबूत असल्याची पोच आणतो. यातली एक कडी निसटली की सुरा बाद. जप्ती ९ तारखेला, प्रयोगशाळेत पोचला १५ ला, तर मधले सहा दिवस सुरा कुठे होता? रजिस्टरला नोंद नसेल तर त्या पात्यावरचं रक्त मयताचं असूनही उपयोग नाही, कारण ते नंतर लावलं असं म्हणायला वकील मोकळा. खुनी सुटतो तो इथे. हुशारीमुळे क्वचित, बहुतेक वेळा न केलेल्या नोंदीमुळे. आणि लेखकांना हे रुक्ष वाटतं!

दार तोडण्याचंही तेच. दयाने दार तोडू नये असं कोणी म्हणत नाही. कायदा तोडू देतो, पण आधी ओळख सांगून, हेतू सांगून आत येऊ द्या म्हणावं लागतं, आणि उघडलं नाही तर. दहा सेकंदांचा संवाद आहे. तो लिहायला काय जातं?

'सीआयडी'तले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉक्टर साळुंखे हे पात्र मला मनापासून आवडतं. नरेंद्र गुप्ता आणि साटम यांची जुगलबंदी हे त्या मालिकेतलं सोनं आहे. पण साळुंखेंवर लेखकांनी किती खाती लादलीत बघा. शवविच्छेदन करतो सरकारी रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी. विष आणि डीएनए तपासतात मुंबईतल्या कलिना किंवा दुसऱ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले वेगवेगळे विभाग. गोळी आणि पिस्तूल बघणारा विभाग आणखी निराळा. बोटांचे ठसे जातात अंगुलिमुद्रा केंद्राकडे, जे राज्य सीआयडीच्या अखत्यारीत आहे. पाच कचेऱ्यांचं काम एकटा माणूस एका टेबलावर करतो, परीक्षानळीत थेंब टाकतो, पाणी निळं होतं आणि विषाचं नाव समजतं. प्रत्यक्षात डॉक्टर जठर त्यातल्या ऐवजासह, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा साधारण अर्धा किलो भाग आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग बरण्यांत भरतो. साधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात. रक्त वेगळं. या अवयवांना व्हिसेरा म्हणतात. शवविच्छेदन अहवालात तो लिहितो, 'मृत्यूच्या कारणाबाबत मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन केला.' हे एक वाक्य महिनोन्महिने अख्ख्या कुटुंबाला टांगून ठेवतं. त्या वाक्यावर किती भाग उभे राहतील!

मृत्यूची वेळ तर विचारूच नका. 'रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी खून झाला.' कसं कळलं? प्रेताचा ताठरपणा पापण्या, जबडा, मान इथे आधी जाणवतो, मग खाली उतरत जातो. साधारण बारा तासांत सगळं अंग ताठतं, तेवढाच काळ तसं राहतं, मग सैल पडत जातं. आपल्याकडच्या मे महिन्यात हे सगळं लवकर उरकतं, डिसेंबरात लांबतं. मरण्याआधी माणूस पळाला, झटापट केली, तर ताठरपणा लवकर येतो. इतक्या गोष्टी हलत असताना प्रामाणिक डॉक्टर मिनिट सांगत नाही, तासांचा पट्टा सांगतो. आणि गोष्टीला तो पट्टाच जास्त उपयोगी आहे. सहा तासांच्या पट्ट्यात पाच संशयित बसतात. अकरा वीस म्हटलं की एकच उरतो आणि रहस्य तुम्ही स्वतःच्या हाताने मारता.

क्लोरोफॉर्मचा रुमाल दोन सेकंद नाकावर धरला की माणूस कोसळतो, हा प्रकार बंद करा. त्याला काही मिनिटं लागतात आणि माणूस तोवर झटापट करत असतो.

सीसीटीव्हीतला धूसर नंबर 'झूम कर, क्लिअर कर' म्हटल्यावर वाचता येणं हाही तसाच प्रकार. चित्रात जे टिपलंच गेलं नाही ते कुठून येणार? डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, खरी डोकेदुखी वेगळी आहे. डिस्क भरली की जुनं चित्रण पुसून त्यावर नवं बसतं, सोसायटीच्या साध्या यंत्रात बऱ्याचदा पंधरा दिवस ते महिनाभरात. उशिरा पोचलेल्या पोलिसाच्या हाती काही लागत नाही. यंत्राचं घड्याळ बारा-पंधरा मिनिटं मागेपुढे असतं, तो फरक पंचनाम्यात लिहिला नाही तर आरोपी एकाच वेळी दोन ठिकाणी दिसतो. आणि चित्रण कुठल्या यंत्रातून, कसं काढलं हे सांगणारं प्रमाणपत्र सोबत नसेल तर ते पुरावा म्हणून वाचलंच जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं ठाम सांगितलं. तो वाद आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून निघालेला. नव्या कायद्यात ते कलम ६३ आहे, प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा, भरावं लागतं. मालिकेत मात्र कोणीतरी पेनड्राईव्ह आणून देतो आणि टाळ्या पडतात.

मराठी मालिकांनी तरी घरचं नीट दाखवावं ना? 'देवमाणूस' मी आवडीने बघितली. किरण गायकवाडने तो डॉक्टर असा रंगवला की अंगावर काटा यावा. आणि त्या खेडेगावात तपासाला कोण येतं, तर एसीपी दिव्या सिंह. एसीपी हे पद पोलीस आयुक्तालयातलं. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांतलं. खेड्यात जिल्हा पोलीस अधीक्षकांची हद्द, तिथे त्या दर्जाचा माणूस उपविभागीय पोलीस अधिकारी असतो, लोकांच्या तोंडी डीवायएसपी. गावातल्या शाळकरी पोरालाही हे माहीत असतं, पोलीस पाटलाला तर असतंच. पोलीस पाटील म्हटलं तर केवढं पात्र आहे! गावात प्रेत सापडलं की ठाण्याला पहिली वर्दी देणारा, दोन्हीकडून शिव्या खाणारा, मयत आणि संशयित दोघांच्या घरी जेवलेला. अशा माणसाला मालिकेत चार वाक्यांपलीकडे काही मिळत नाही.

'मालिका आहे, एवढं काय मनावर घेता' हे उत्तर मला चालत नाही. आपण 'सीआयडी'तल्या पात्रांच्या नात्यांवर तासन् तास वाद घालतो, अभिजीतचा कोणता निर्णय चुकला, साळुंखेंच्या सहायक तारिकाला पुरेसं काम का दिलं नाही यावर भांडतो. मग तपास चुकला की गप्प का बसायचं? 'नाट्य हवं' म्हणता, तर ते घ्या की! महिना-दोन महिने घालवून उभी केलेली केस दोषारोपपत्र दाखल करायच्या मुदतीच्या शेवटच्या, म्हणजे साठाव्या किंवा नव्वदाव्या दिवसावर येऊन ठेपते, खुनात नव्वदाव्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कागद कोर्टात गेला नाही तर आरोपी जामिनाचा हक्कदार होतो. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आलेला नाही, मुख्य साक्षीदार फितूर व्हायच्या बेतात आहे, आणि घड्याळात साडेचार वाजलेत. याहून मोठा पाठलाग कुठल्या गाडीने होणार आहे?

एक भाग असा लिहा. दोन वर्षांनी खटला उभा राहिलाय. त्या दिवशी बोलावलेला पंच, किराणा दुकानदार, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. बचावाचा वकील पाकीट त्याच्यासमोर धरतो आणि विचारतो, 'ही सही तुमची?' तो हो म्हणतो. 'सही केली तेव्हा पाकिटाला लाख लागलेली होती की नव्हती?' दुकानदार पाकिटाकडे बघतो, मग तपासी अधिकाऱ्याकडे बघतो. न्यायाधीश सांगतात, तिकडे नाही, इकडे बघून उत्तर द्या.