'बॅक इन ब्लॅक' झालं असेल तर आता 'पॉवरेज' ऐका की!

बेळगावात कॉलेजच्या गॅदरिंगला रॉक बँड स्टेजवर चढला, की ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसी बँडची दोन गाणी ठरलेली. 'हायवे टू हेल' आणि 'बॅक इन ब्लॅक'. गाणी चांगलीच आहेत, तक्रार नाही. पण त्या दोन्हींच्या आधी, मे 1978 मध्ये आलेला त्यांचा 'पॉवरेज' अल्बम टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत कुणी बसवायला घेत नाही. अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीतही तो 133 व्या नंबरावर अडकला, आणि पुढच्याच वर्षी 'हायवे टू हेल' नावाचा अल्बम 17 वर गेला. तरी गायक बॉन स्कॉटच्या काळातला सगळ्यात भारी अल्बम हाच, यावर मी भांडायला तयार आहे.

'डाउन पेमेंट ब्लूज' घ्या. दारात कॅडिलॅक आहे आणि पेट्रोलला पैसे नाहीत. हप्त्यावर बुलेट काढून महिनाअखेरीला ती स्टँडवर लावून ठेवणाऱ्याला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. सहा मिनिटांचं गाणं, पण कुठे घाई नाही.

आता वाजवण्याचं. आपली पोरं गिटारच्या प्रोसेसरवर गेन, म्हणजे आवाज फाटका करणारं बटण, 8-9 ला नेतात आणि मग म्हणतात, 'तसा आवाज येत नाही.' येणार कसा? बँडचा रिदम गिटारवाला माल्कम यंग पूर्ण उघडे कॉर्ड वाजवायचा. गेन जास्त झाला की कॉर्डमधले स्वर एकमेकांत घुसतात, विशेषतः तिसरा स्वर, आणि नुसता गरगराट उरतो. गेन 3-4 वर आणा, मिड वाढवा, बास कमी करा, आणि जोर उजव्या हातातून काढा. अर्थिंग नसलेल्या मंगल कार्यालयात अँपची घरघरही त्यामुळे कमी होते, हा वरचा फायदा.

माल्कमच्या ग्रेच गिटारवर 12 ते 56 च्या (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली जाडी) जाड तारा असायच्या, तिसरी तारसुद्धा वरून बारीक तार गुंडाळलेली. म्हणून लगेच 12 चा सेट चढवू नका. 9 च्या तारांसाठी कापलेल्या नटच्या (दांड्याच्या टोकाची पट्टी) खाचेत जाड तार अडकते आणि सूर सरकतो. ताण वाढून नेक (दांडा) पुढे वाकते, ॲक्शन (तारांची उंची) वर येते. 10-46 पुरे. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असली तर ट्रस रॉड (नेकमधली सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा, जास्त नको. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तारा लवकर गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर आषाढात सेटमागून सेट आणत बसाल.

ऐकताना ब्लूटूथ स्पीकरचा एकच डबा नको. दोन गिटारी दोन बाजूंना आहेत, त्या डब्यात एक होतात. वायरचा इअरफोन घ्या, एक कान काढा, मग दुसरा. लीड गिटारवाला अँगस काय करतो ते सगळ्यांना माहीत असतं. माल्कम कुठे थांबतो, ते तेव्हा कळतं.

बसवायला सुरुवात 'गॉन शूटिन'नं करा. ड्रमरला सांगा, एसी/डीसीच्या फिल रुडसारखं हाय-हॅट, स्नेअर, किक. टॉमला (बाकीच्या ड्रमना) हात लावायचा नाही. दुसऱ्या मिनिटाला त्याचे हात शिवशिवतील आणि एक रोल सुटेल, तिथेच गाण्याची चाल मोडते. मग बासवाल्यानंच मागे वळून विचारायचं, 'काय वाजवूलालास रे?'

'रिफ रॅफ' सगळ्यात शेवटी. 1978 चाच त्यांचा लाइव्ह अल्बम याच गाण्यानं उघडतो, यावरून बँडला ते किती जवळचं असेल बघा. कोपरातून वाजवलं तर एका मिनिटात हात भरून येतो. मनगट सैल सोडा, मेट्रोनोम गाण्याच्या निम्म्या वेगावर लावा आणि पाच-पाचनं वाढवा.

एक राहिलंच. युरोपातल्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर 'कोल्ड हार्टेड मॅन' होतं, नेहमीच्या प्रतीत ते नाही. 2009 च्या 'बॅकट्रॅक्स'मध्ये सापडेल. टाळ्या आणि माराकास (खुळखुळे) वालं 'रॉक अँड रोल डॅमनेशन' मात्र कंपनीला सिंगल हवं होतं म्हणून आलं, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या अल्बममध्ये मला तेच सगळ्यात हलकं वाटतं.