बिघाड : मागे टेकते, कारण : सी-७०४

आमच्या सोसायटीच्या बग्गीचं एक रजिस्टर आहे. त्यात रकाने तीन : तारीख, बिघाड, कारण. गेल्या मंगळवारी ड्रायव्हरने त्यात निळ्या पेनने लिहिलं, ‘मागे टेकते. सी-७०४ साहेब.’ सी-७०४ मध्ये मी राहतो.

हे लिहिण्याआधी दहा मिनिटं त्याने क्लबहाउसच्या चढावर गाडी थांबवून मला उतरवलं होतं. शेजारच्या आजींना बसू दिलं. त्यांच्या पायाशी ठेवलेल्या वीस लिटरच्या पाण्याच्या जारलाही बसू दिलं. उतरलो तो मी. जार गाडीतून गेला आणि मी त्याच्या मागून चालत गेलो.

माझं वजन ब्याऐंशी आहे. ते लपवावं असं नाही, पण रजिस्टरमध्ये यावं असंही नाही.

बग्गी म्हणजे गोल्फ कार्ट. मूळची दोन माणसांची. मागे गोल्फच्या काठ्यांच्या दोन पिशव्या राहाव्यात, म्हणजे फार तर तीसेक किलो, या हिशेबाने तिचे मागचे पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या, बनवलेले. आमच्या कमिटीने पिशव्यांच्या जागी उलट्या तोंडाचा बाक बसवला, गादीचा रंग कोणता यावर दोन मीटिंगा घेतल्या आणि पाट्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बाक मागच्या आसाच्याही मागे लोंबतो. आमच्या गाडीत दोन आसांमध्ये १६५ सेंमी अंतर आहे आणि बाकावरच्या माणसांचा भार मागच्या आसाच्या ४५ सेंमी मागे पडतो. म्हणजे तिथे दोघांचं मिळून दीडशे किलो बसलं, की मागच्या आसावर दीडशे नाही, जवळपास १९१ किलो येतात. वरचे ४१ पुढच्या चाकांवरून उचललेले असतात. चढावर स्टिअरिंग हलकं हलकं लागतं ते म्हणून. ड्रायव्हर याला ‘पॉवर स्टिअरिंग’ म्हणतो.

तर मी टेप काढला. सपाट फरशी, चारही टायरांत सारखी हवा (आमच्या टायरांना २० पीएसआय), गाडीत कुणी नाही. टायरचा माथा ते मडगार्डची कड : उजवीकडे आठ सेंमी, डावीकडे साडेसहा. स्टिअरिंग डावीकडे आहे, दिवसभर ड्रायव्हर एकटाच त्या बाजूला बसून असतो, आणि पाटा त्या बाजूने आधी बसलाय. ही नोंद मी रजिस्टरात करू शकलो असतो. केली नाही. आपण काही त्या पातळीला जात नाही.

कमिटीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, शॉकअप बदलून टाका. बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. साधा शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त पाट्याची उसळी शमवतो. मागचा कोपरा दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, डोलत राहिली तर गेला. आमची थांबत होती. गाडी नुसती उभी असतानाच खाली बसलेली दिसते तेव्हा दोष पाट्याचा.

मग एका बाजूचा पाटा उतरवला. हे करताना चावी काढून टो-रनचा खटका ‘टो’वर (गाडी ओढून नेण्याच्या जागी) करायचा, बॅटरीची मुख्य निगेटिव्ह केबल सोडायची, पुढच्या चाकांना अडण लावायची, चासी उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायची आणि आसाखाली वेगळा जॅक द्यायचा. हा दुसरा जॅक विसरलात तर आस खाली लोंबतो. विजेवरच्या गाडीत मोटर त्याच आसाला जोडलेली असते, त्यामुळे मोटरच्या केबली आणि ब्रेकच्या वायरी ताणल्या जातात. दोन्ही पाटे एकदम कधी सोडू नयेत, आस जागेवरून सरकतो आणि परत बसवताना शिव्या आठवतात.

पाटा गोणपाटात गुंडाळून रिक्षाने हायवेवरच्या पाटेवाल्याकडे नेला. तिथे जुन्या टायरवर एक गृहस्थ चहा पीत बसले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. पाण्याच्या टँकरचे मालक. मी गोणपाट उघडला.

“बैलगाडीचा का?”

“गोल्फ कार्टचा.”

“गोल काय?”

मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून, आडवा करून पाहिला. “ही गोल कुटं हाय? चौकोनी तर हाय.” मग फोटो मोठा करून, “दारं कुणी नेली?”

“दारं नसतातच.”

“मानसं किती बसत्यात?”

“चार.”

“एक पाटा वाढवा.”

मी म्हटलं, आप्पा, तीनाचे चार केले तर पाटे तिसऱ्या हिश्शाने कडक होतील, मग गाडी रिकामी असताना उडेल.

“उडंल? मग आनि एक वाढवा. जड झाली की कशाला उडतीय?”

याला उत्तर नव्हतं. मी विषय जाडीकडे नेला. पाट्यात जाडी घनाने वागते : सहा मिलिमीटरच्या जागी आठचा पाटा घातला तर तो तिसऱ्या हिश्शाने नाही, सव्वादोन पटीहून जास्त कडक होतो. म्हणून ‘थोडा जाड घाला’ हे वाक्य उधारीसारखं असतं, थोडं म्हणता म्हणता फार होतं. आप्पांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुमी बसता कुटं?”

“मागे.”

“मग दोन वाढवा.”

“तुमच्या टँकरला किती आहेत?”

“नऊ व्हते. अकरा केले. आता बगा, भरल्या टँकरला ढिम्म हालत न्हाई.”

“मग आज इथे कशाला आलात?”

आप्पांनी उरलेला चहा संपवला. “चासी तडकलीय.”

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो घणाने दुसऱ्याच कुणाचा पाटा सरळ करत होता, त्याने मान वर केली नाही. जो धक्का पाटा खात नाही तो कुणाला तरी खावाच लागतो. आप्पांच्या बाबतीत चासीने खाल्ला. आमच्याकडे तो आजींच्या मणक्याने खाल्ला असता.

घण ठेवून मिस्त्रीने एकच प्रश्न विचारला. “रिकामी किती वेळ फिरते?” तीन महिने चाललेल्या कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप चर्चेत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. गादीचा रंग पडला होता. मी सांगितलं, दिवसातला बराच वेळ ड्रायव्हर एकटा, नाहीतर सोबत एखादी आजी. संध्याकाळी दोन तास भरलेली.

“मग हेल्पर.”

पाटा निवडण्याचं सगळं शास्त्र त्या दोन शब्दांत आलं. वरचे पाटे मूळ कडकपणाचेच, पण नवे. खाली एक आखूड, जवळपास सपाट पाटा, ज्याची टोकं रिकाम्या गाडीत वरच्या पाट्याला लागतच नाहीत. माणसं बसली, कमान दबली, की हेल्पर टेकतो आणि भार घ्यायला लागतो. एकट्या आजींना मऊ, आमच्यासारख्यांना कडक. जुन्याच पाट्यांना कमान मारून द्या म्हणावं तर मिस्त्री देतो, स्वस्तातही पडतं, पण थकलेलं पोलाद गार ठोकून उभं केलं तर काही महिन्यांत परत बसतं. तापवून ठोकलं तर त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, ते नीट परत चढवणारे थोडे.

तयार हेवी ड्युटी जोडीही मिळते. ती बॅग-स्टँडच्या जागी कायम बाक, वर मालाची पेटी, असं रोजचंच ओझं असेल तर घ्यावी. घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगाच, शिवाय स्वतः मोजा : डोळा ते डोळा (पाट्याच्या टोकांना बोल्टसाठी वळवलेली भोकं) लांबी, रुंदी, त्या डोळ्यातल्या बुशचं भोक, आणि सगळे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट पुढच्या डोळ्यापासून किती अंतरावर आहे ते. तो दरवेळी मधोमध नसतो. आणि लिथियम बॅटरीचा विचार असेल तर तो आधी करा. आमच्या आठ व्होल्टच्या सहा लेड बॅटऱ्या मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास जातात, लिथियमचा डबा पन्नासेक किलोत बसतो. आज भारासाठी घेतलेला पाटा उद्या त्या हलक्या गाडीत टणाटण उडेल.

बसवताना सेंटर बोल्टचं डोकं आसावरच्या खोबणीत बसलंय ना, बोटाने चाचपून बघायचं; नाही बसलं तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. हेल्परमुळे सेंटर बोल्ट आणि पाटा आसाला आवळणारे यू बोल्ट दोन्ही लांब लागतात, आणि यू बोल्ट नवेच. रबरी बुश असतील तर डोळ्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावर शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आठवड्याने सगळे नट पुन्हा एकदा.

हे सगळं झालं. पाटे जोडीने बदलले, दोन्ही बाजूंना आठ सेंमी. तरीही गाडी बी विंगसमोर ‘धप्प’ म्हणतेच, कारण तिथला गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८च्या मानकात दहा सेंमी उंच गतिरोधकाची रुंदी (गाडी जाते त्या दिशेने) ३.७ मीटर होती. आमचा उंचीला मानकाप्रमाणे आहे, रुंदीला पाटावरवंट्याच्या पाट्याएवढा. तिथे हेल्परच काय, आप्पांचे अकरा पाटेही काही करू शकत नाहीत. मी पत्र दिलं. उत्तर आलं, ज्येष्ठ नागरिकांच्या सुरक्षेसाठी गतिरोधक आवश्यक आहे. तेच ज्येष्ठ नागरिक मागच्या बाकावर, कमरेला पट्टा बांधून, आठवड्यातून तीनदा त्यावरून फिजिओथेरपीला जातात. हे मी दुसऱ्या पत्रात लिहिलं. त्याचं उत्तर नाही.

काल चढावर मी मागेच बसलो. शेजारी आजी, पायाशी जार. गाडी टेकली नाही. वर पोचल्यावर मी ड्रायव्हरला रजिस्टर मागितलं आणि कारणाच्या रकान्यात ‘पाटे बसले होते’ अशी दुरुस्ती कर म्हटलं.

“पेनने लिहिलंय साहेब,” तो म्हणाला. “खाडाखोड केली की सेक्रेटरी ओरडतात.”