पाखरांनी खाल्लेले रानफळ माणसाला चालतेच असे नाही

उन्हाळा लागला की सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो: पाखरे आणि माकडे खातात ते रानफळ माणसालाही चालते, विषारी फळ कडू लागते, देठातून पांढरा चीक आला तर फळ टाकून द्यावे, शंका असल्यास किंचित चाखून दहा मिनिटे थांबावे. यांतल्या एकाही गोष्टीवर विसंबून फळ तोंडात घालू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

आधी पाखरांचे पाहू. काजऱ्याची पिकून नारिंगी झालेली फळे धनेश खातो, पण तो गर पचवून बिया ओकून टाकतो, आणि त्याच चपट्या, बटणासारख्या बियांत झटके आणणारे स्ट्रिक्निन हे विष असते. बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, फळे कोकीळही खातो. माणसाच्या पोटात मात्र तिची बी गेली तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो.

कडूपणाची खूण तर मुलांच्या जिवावर बेतणारी आहे. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या चवदार लागतात, म्हणूनच मुले त्या एकमेकांना वाटून खातात आणि थोड्याच वेळात ओकाऱ्या-जुलाबांनी बेजार होऊन दवाखान्यात पोहोचतात.

चिकाचा नियम खरा मानला, तर सर्वांत आधी करवंद टाकावे लागेल. जाळीतून करवंद खुडले की देठाशी पांढरा चीक टपकतो, बोटे चिकटतात, आणि तरीही ‘कोंबडा की कोंबडी’ विचारत, आतला गर लाल निघतो की पांढरा हे पाहत पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते खाल्ले आहे. करवंद आपण ओळखतो ते काटे, चकचकीत समोरासमोरची पाने, चीक, फळाचा रंग आणि हंगाम हे सगळे एकत्र पाहून. एकट्या खुणेवर कोणतेच झाड ओळखता येत नाही. उलट गुंजेच्या वेलाला पांढरा चीक नसतो, पण तिच्या काळ्या ठिपक्याच्या लाल बिया चावून खाल्ल्यास प्राणघातक ठरतात.

चाखून दहा मिनिटे थांबण्याचा सल्ला सर्वांत वाईट, कारण तो सावधपणाचा वाटतो. गुंजेतील ॲब्रिन या विषाची लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात. तोवर माणूस गड उतरून घरी पोहोचलेला असतो आणि डॉक्टरांना पोटदुखीचे कारण उमगत नाही. अनोळखी फळ किंवा बी पोटात गेलेच असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे आणि उरलेले फळ, पानांसह डहाळी किंवा निदान त्यांचे छायाचित्र सोबत न्यावे.