आठ ओमचा जप

“ओम मोजतोय,” असं मी एकदा आईला सांगितलं आणि तिने आवाज न करता देवघराचं दार लोटून घेतलं. पोरगा चव्वेचाळिसाव्या वर्षी का होईना, मार्गाला लागला असं तिला वाटलं. मी ओसरीवर लुंगी नेसून, पालथ्या घातलेल्या रेडिओपुढे मल्टिमीटर घेऊन बसलो होतो. मोजत होतो ते विजेच्या रोधाचे ओम.

भाच्याला गिटारसाठी अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर हवा होता, तोही व्हॉल्व्हचा, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा. मडकईला मामाच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्ह रेडिओ पडून होता. वाळवी, पाऊस आणि उंदीर यांनी आपापला वाटा घेतल्यावर उरलेला त्याने मला देऊन टाकला. आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. मुठीत मावेल एवढा लोखंडी ठोकळा, वरचा कागद केव्हाच गळून पडलेला.

या ठोकळ्याचं काम मध्यस्थाचं. ६व्ही६ या व्हॉल्व्हपाशी व्होल्ट अडीचशे, पण करंट चिमूटभर. स्पीकरला व्होल्ट नकोत, करंट हवा ओंजळभर. व्हॉल्व्हला समोर ५००० ओमचा भार दिसायला हवा आणि स्पीकर असतो ८ ओमचा. “म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखंच की!” असं हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला सुचतं. तोवर अकरा जणांना सुचलं होतं. तुम्हालाही सुचलं असेल तर कृपा करून मनातच ठेवा.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो आणि आठ इंची स्पीकर घेऊन आलो. पाठीवर ठसठशीत छापलेलं: ८ ओम. घरी मीटर लावला, ६.४. टोकं खरवडून लावला, ६.४. बॅटरी बदलली, तरी ६.४. वाट्यातला एखादा बांगडा कमी भरला तर मी कधी तोंड उघडत नाही, पण ओममध्येसुद्धा मारायचं? पुढच्या शुक्रवारी फोंड्याहून पणजी, पणजीला बस बदलून म्हापसा, आणि वाटेत भांडणाची पूर्ण तयारी.

दुकानदाराने मला शेवटपर्यंत बोलू दिलं, मग शांतपणे म्हणाला, “पात्रांव, तुजो मीटर तार मेजता. स्पीकर न्हय.”

झालं. मीटर आपल्या बॅटरीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट सोडतो आणि स्पीकरच्या कॉइलच्या नुसत्या तारेचा रोध दाखवतो. छापलेले आठ ओम हे आवाज वाहत असतानाचे, तेही एकसारखे नव्हेत. स्पीकरच्या कागदी कोनच्या स्वतःच्या घुमण्याच्या जागी ते कितीतरी पटींनी चढतात, मग उतरतात, वरच्या सुरांत पुन्हा चढू लागतात. आठ हे नुसतं नाव. आमच्या वाड्यावर एकाला शांताराम म्हणतात, तसंच. भांडायला गेलो होतो, एक सोल्डरिंगची तार विकत घेऊन परतलो.

आता ठोकळ्याची परीक्षा. याला सोपी युक्ती आहे. स्पीकरच्या बाजूला व्हॉल्व्हच्या हीटरचे सहा-साडेसहा व्होल्ट एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज, द्यायचे आणि दुसऱ्या बाजूला किती निघतात ते बघायचं. “एक हात कायम खिशात ठेवायचा,” असं जुने रेडिओवाले सांगून गेलेत, म्हणजे धक्का बसलाच तर छातीतून आरपार जात नाही. लुंगीला खिसा नसतो. मी डावा हात पाठीशी धरून, शाळेतल्या कवायतीसारखा उभा राहिलो. इकडे ६.५, तिकडे १८२. म्हणजे दोन्ही बाजूंच्या तारेच्या वेढ्यांचं प्रमाण २८ पट. ओमचा हिशेब वर्गाने चालतो, २८ गुणिले २८ बरोबर ७८४. आठ ओमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला दिसणार ६२७२. हवे होते ५०००. मग स्पीकर किती ओमचा हवा? ५००० भागिले ७८४.

६.४.

म्हणजे मला हवा होता ६.४ ओमचा स्पीकर, आणि घरात होता मीटरवर ६.४ दाखवणारा ८ ओमचा स्पीकर. या दोन ६.४चा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, हे मी त्या रात्री दोनदा उठून स्वतःला समजावलं. सकाळी दुकानदाराला फोन केला. “गिटाराक इतलें चलता रे,” म्हणाला आणि फोन ठेवला.

चाललंही. फणसाच्या फळ्यांच्या पेटीतून साडेचार वॉट असे निघाले की शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. मग आली गणपतीची चवथ. झाडलोटीत मी स्पीकर पेटीसकट बाजूला केला. भाचा आला, अँप लावला, आवाज येईना म्हणून व्हॉल्यूम पार दहावर नेला. “मामा, हळू का होईना, पण वाजतंय!” वाजत होता ट्रान्सफॉर्मर. स्पीकर नसला की व्हॉल्व्हच्या अँपमधली ऊर्जा जाणार कुठे? ठोकळ्यातले लोखंडी पत्रे किरकिरतात, व्होल्ट उसळतात आणि जिथे इन्शुलेशन कच्चं तिथून वाट काढतात. बारीक निळी ठिणगी उडाली आणि वार्निश जळाल्याचा वास घरभर. आतून आई ओरडली, “नेवऱ्या करपल्या काय गो?”

पंपाच्या मोटरी भरून देणाऱ्याकडे ठोकळा नेला. “हा कसला चोक?” असं विचारून त्याने केसाएवढ्या तारेने तो फार छान भरला. जरा जास्तच छान. ‘ई’ आणि ‘आय’ आकाराचे पत्रे त्याने एकाआड एक, घट्ट विणून बसवले. एकाच व्हॉल्व्हच्या अँपमध्ये डीसी सतत एकाच दिशेने वाहतो. मध्ये फट नसेल तर लोखंड त्यानेच भरून जातं आणि सुरांना जागा उरत नाही. खर्ज गेला. गिटार डब्यात बसून बोलू लागली.

रात्री पत्रा पत्रा सोडवून सगळे ‘ई’ एका बाजूला, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूला लावले. मध्ये पातळ कागद हवा होता. भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या कालनिर्णयाचं पान फाडलं, कात्रीने पट्ट्या कापल्या आणि फटीत सरकवल्या. आई दारात उभी राहून कधीपासून बघत होती कोण जाणे.

“पंचांग घालून जुळवतोस होय?” ती म्हणाली. “पत्रिकेसारखं?”

बारा झाले.