राधानगरीचे दरवाजे 'गुपचूप' उघडले म्हणणाऱ्यांनी हे वाचा

पाऊस लागला की ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: राधानगरी धरणाचे दरवाजे रात्री गुपचूप उघडले म्हणून कोल्हापूर बुडालं, राधानगरी आणि काळम्मावाडी ही धरणं आधीच रिकामी केली असती तर पूरच आला नसता. एकेक बघूया.

गुपचूप म्हणजे कसं? अहो ते सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ३४७.५० फुटावर गेलं की दाबानं आपोआप उघडतात, बऱ्याचदा ६ नाहीतर ३ नंबरचा पहिला, आणि पातळी उतरली की आपोआप बसतात, मग रात्रीचे दोन वाजलेले असूदेत नाहीतर भर दुपार, बटण दाबायला तिथं कोणी साहेब बसलेला नसतो. दरवाजा अडकून पाणी सुटलं होतं ते डिसेंबर २०२१ ला, दुरुस्ती चालू असताना. तो सर्व्हिस गेट, म्हणजे या सातांपेक्षा वेगळा, माणसानं चालवायचा दरवाजा, आणि पावसाळा तर कधीच संपलेला.

बरं, एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी पडतं. सातही उघडले तरी दहा हजारांच्या आत, दिवसभरात एक टीएमसीसुद्धा (अब्ज घनफूट) होत नाही. राधानगरी आहे भोगावतीवर, आणि कोल्हापूरची पंचगंगा एकट्या भोगावतीची कधीपासून झाली? कासारी, कुंभी, तुळशी या सगळ्यांचं पाणी प्रयाग चिखलीपर्यंत एक होतं, त्यामुळं गगनबावड्याला धो धो लागला की राधानगरीचा एकही दरवाजा उघडलेला नसताना राजाराम बंधाऱ्यावर, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात, पाणी चढतं.

काळम्मावाडीचं तर बोलायलाच नको. ते दूधगंगेवर आहे आणि दूधगंगा कोल्हापूर शहरात येतच नाही, कागलजवळून खाली कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. तिथला विसर्ग वाढला म्हणून शुक्रवार पेठेत सामान माळ्यावर टाकायची गरज नाही.

रिकामं ठेवायचं म्हणाल तर शाहू महाराजांनी राधानगरी धरण हाती घेतलं ते शेतीला पाणी मिळावं म्हणून. ८.३६ टीएमसीचं धरण जुलैत ओतून टाकलं आणि ऑगस्टला पावसानं दडी मारली तर भोगावतीकाठचा ऊस कशावर जगवणार? थोडी जागा राखून भरा ही मागणी मात्र रास्त आहे, त्यावर भांडा की, मी पण येतो. पण २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४३, ते सगळं असल्या जागेत मावलं असतं म्हणणाऱ्यानं पुरात एकदा नरसोबाच्या वाडीला, पंचगंगा कृष्णेला मिळते तिथं, जाऊन बघावं, वरून कोयना, वारणेचं पाणी घेऊन कृष्णा फुगलेली असली की पंचगंगा पुढं सरकायचं नावच घेत नाही, शिरोळची गावं त्यातच अडकतात.