"काका, पाय हलवा!"

खुर्ची सुटलेली माणसं एक वाक्य हटकून बोलतात: "आता खरा जगायला लागलो!" मला या वाक्याचा संशय येतो. बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष फोनकडे असतं.

माझंही होतं. पद गेल्यावर फोन थंडावणार हे ठाऊक होतं, पण माझ्या विनोदांना कुणी हसेना, हे मात्र नवीन होतं. विनोद तेच हो!

बॅडमिंटनचंही तसंच. ऑफिसात मी बरा खेळतो असा माझा समज होता, आणि तो जपणारी मंडळीही भरपूर होती. फूल कसं अलगद रॅकेटपाशी यायचं. आता जिथे खेळतो तिथे मी कोण होतो याची कुणाला पडलेली नाही. समोर शाळकरी मुलगी. ती मला आधी नेटजवळ खेचते, मग डोक्यावरून फूल मागे टाकते आणि मी धापा टाकत पोचलो की थेट पोटावर स्मॅश. वर म्हणते, "काका, पाय हलवा!" परवा तिच्याकडून एक पॉइंट काढला. खराखुरा. माझे सगळे सत्कार त्यापुढे फिके.

पदामुळे वेळ मिळत नाही म्हणून साधे आनंद हरवतात, असं म्हणतात. वेळ काढता येतो हो. पदावरच्या माणसाला खरं उत्तर मिळत नाही, त्याचं काय करायचं?

१९१५ साली, पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीवरची मोहीम फसली आणि चर्चिलला ब्रिटिश आरमाराचं मंत्रिपद सोडावं लागलं. त्या उन्हाळ्यात, वयाच्या चाळिशीत, त्यानं चित्रं काढायला घेतली. आख्खं आरमार हलवणारा गडी कोऱ्या कॅनव्हाससमोर बिचकला. भीत भीत वालाच्या दाण्याएवढा निळा ठिपका काढला आणि थबकला, असं त्यानंच लिहून ठेवलंय. तेवढ्यात चित्रकार जॉन लॅव्हरीची बायको आली, तिनं मोठा ब्रश घेऊन सपासप फटकारे ओढले. कॅनव्हास काही उलटून मारत नाही, हे बघून याची भीड चेपली. पुढे त्यानं ५०० च्या वर चित्रं काढली.

सगळ्यांचं इतकं गोड होत नाही. १५१२ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्समधलं पद गेलेला 'द प्रिन्स'वाला मॅकियाव्हेली पुढच्या वर्षी मित्राला लिहितो, की दुपारभर खाणावळवाला, खाटीक, भट्टीवाले यांच्यासोबत खेळत बसतो, दमडीवरून भांडतो, आमचा आरडाओरडा पार पलीकडच्या गावात ऐकू जातो. आणि त्याच पत्रात म्हणतो, फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यानं मला काहीतरी काम द्यावं, सुरुवातीला धोंडा लोटायचं का असेना! 'आता मी सुखी' म्हणणाऱ्यांपेक्षा हा माणूस मला जास्त खरा वाटतो. खेळाची मजाही आहे आणि खुर्चीची ओढही गेलेली नाही.

मध्यंतरी एकानं विचारलं, पुन्हा बोलावलं तर जाल का? जाईन की! चर्चिलही गेला, दोनदा पंतप्रधान झाला, रंगाची पेटी काही त्यानं सोडली नाही. फक्त हाताखालच्या कुणाशी बॅडमिंटन खेळणार नाही.